आजोबांची वही छापण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या अंकासाठी आलेल्या पत्रांत कोल्हापूर आणि परिसरातील पत्रे बहुसंख्य आहेत आणि ती जवळजवळ सर्व एकाच विषयाभोवतीची आहेत : बंदिशी (रागात बांधलेली गाणी, म्हणजेच चिजा) लिहिणे, छापणे आणि छापलेल्या बंदिशी वाचणे. त्यामुळे इतर विषयांची पत्रे पुढील अंकासाठी ठेवून या वेळी हीच पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : माझे आजोबा कोल्हापुरात गाणे शिकवत असत. त्यांच्या पश्चात घरात चार वह्या सापडल्या असून त्यांत दीडशेच्या आसपास चिजा स्वरलिपीसह लिहिलेल्या आहेत. काही पानांवर शके १८५३ असे साल आहे, काही ठिकाणी पेन्सिलीने खाडाखोड आहे आणि मागील पानांवर मोडीत काही टिपणे आहेत. या चिजांचे पुस्तक व्हावे अशी घरातील सर्वांची इच्छा आहे. एका जाणकारांनी ‘आधी चुका दुरुस्त करून घ्या, मग छापा’ असे सुचवले. या चुका कशा ओळखाव्यात आणि कोणाकडून दुरुस्त करून घ्याव्यात?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपल्याला मिळालेला सल्ला सद्भावनेने दिलेला असला, तरी तो कामाच्या अगदी शेवटच्या टप्प्यावरचा आहे. सुरुवातीलाच तो अमलात आणला, तर आजोबांची वही राहणार नाही आणि दुरुस्त करणाऱ्याची वही तयार होईल. म्हणून आधी वह्या सांभाळण्याचे पाहू.

कोल्हापूरचा पावसाळा जुन्या कागदाला सोसत नाही. दमट कपाटात ठेवलेल्या वहीला एका हंगामात बुरशी येते आणि कसर लागते. वह्या कोरड्या, हवेशीर जागी आडव्या ठेवाव्यात, सुटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये आणि कोणी कितीही आग्रह केला तरी पानांवर प्लास्टिकचे आवरण चढवून घेऊ नये, कारण ते पुन्हा काढता येत नाही. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात हलक्या पेन्सिलीने क्रमांक घालावा. त्यानंतर खिडकीजवळ, थेट ऊन पडणार नाही अशा उजेडात, कोरी पानेसुद्धा न वगळता सर्व पानांची छायाचित्रे घ्यावीत. मोडीतील टिपणे हिशेबाची असतील असे धरून ती सोडू नयेत. कोणत्या महिन्यात कोणत्या गावी शिकवणी होती, कोणाला किती पैसे दिले, अशा साध्या नोंदींतून एखादी चीज आजोबांना कोणाकडून मिळाली असावी याचा माग लागतो. शके १८५३ म्हणजे वर्षाचा बहुतेक भाग इसवी सन १९३१. त्या काळी कोल्हापुरात कोण गात होते आणि कोण शिकवत होते हे ठाऊक असणारी माणसे आणि कागद अजून आहेत. १८८३ पासून चालत आलेल्या देवल क्लबासारख्या संस्थेत आणि करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी केल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

आता चुकांविषयी. येथे मला माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका गुरुजींच्या वहीवरून छोटी पुस्तिका सिद्ध करण्याचे काम माझ्याकडे आले होते. वहीत बिहागातील एक चीज होती. तिच्या अस्ताईत (पहिल्या भागात) पंचमावरून गंधाराकडे येताना गुरुजींनी चारही ठिकाणी शुद्ध मध्यम लिहिला होता. त्या जागी तीव्र मध्यम ऐकण्याची माझ्या कानाला इतकी सवय होती, की मध्यमावरची उभी रेघ (तीव्र मध्यमाची खूण) लिहायची राहून गेली असे मी गृहीत धरले आणि चारही जागी ती घातली. पुस्तिका छापून झाली. पुढे जुन्या गायकांचा बिहाग लक्षपूर्वक ऐकताना उमगले, की त्यांच्या बिहागात तीव्र मध्यम नसे किंवा अगदी निसटता असे. संगीतशास्त्रकार भातखंडे यांनी हा राग बिलावल थाटात, म्हणजे सर्व शुद्ध स्वरांच्या वर्गात ठेवला आहे, तो त्यामुळेच. गुरुजींची रेघ राहून गेली नव्हती. त्यांनी त्यांचा बिहाग लिहिला होता आणि मी त्यावर माझा बिहाग छापला होता. ती वही नंतर एका घरबदलात गहाळ झाली. त्या चार जागी मुळात काय लिहिले होते, हे आज छापील पुस्तिकेवरून कोणालाही कळणार नाही, कारण मी दुरुस्ती केली आणि दुरुस्ती केल्याची नोंद मात्र कुठेही केली नाही.

दुरुस्ती करणे हा दोष मानू नये. वहीत खऱ्या चुकाही असतात. सोळा मात्रांच्या तीनतालाच्या ओळीत पंधराच मात्रा भरतात, खालीची (टाळी न देण्याच्या जागेची) खूण एक घर सरकते, शब्दाचे शेवटचे अक्षर पुढच्या ओळीत जाते. अशा जागी संपादकाने आपले मत जरूर द्यावे, पण ते वाचकाला वेगळे दिसेल अशा रीतीने द्यावे. माझी सूचना अशी, की मुख्य मजकुरात वहीत आहे तेच छापावे आणि आपल्याला जे सुचते ते त्याच पानाच्या तळाशी लिहावे : ‘दुसरे आवर्तन, सातवी मात्रा : वहीत शुद्ध निषाद; अंतऱ्यात याच जागी कोमल आहे’, इतके कोरडे आणि नेमके. पेन्सिलीने केलेली खाडाखोडही नोंदवावी, कारण आजोबांनी ती चीज पुढे दुसऱ्या कोणाकडून ऐकली आणि पाठ बदलला, असे असू शकते. ती खाडाखोड म्हणजे त्यांच्या शिक्षणाचा इतिहास आहे.

शब्दांच्या बाबतीत याहून अधिक जपावे लागते. बंदिशींची भाषा बहुधा ब्रज आणि लिहिणारा कान मराठी, त्यामुळे शब्द बदलतात. ‘लंगर’ म्हणजे खोडकर, छेड काढणारा. मराठी वाचकाला तेथे जहाजाचा नांगर दिसतो आणि मग तो पुढचा शब्दही त्या अर्थाला जुळवून घेतो. पण आजोबा जे गात होते तेच त्यांनी लिहिले असेल, तर तो त्यांच्या परंपरेचा पाठ झाला. शुद्ध पाठ तळाशी द्यावा, वरचा बदलू नये. चिजेत ‘सदारंग’ ही मुद्रा (रचनाकाराचे टोपणनाव) आढळली म्हणून ती मोहम्मदशाहाच्या दरबारातील नियामतखाँ यांचीच आहे असे छातीठोकपणे लिहू नये; थोर नावाची मुद्रा घालून पुढील पिढ्यांनीही चिजा बांधल्या आहेत. ‘मुद्रा : सदारंग’ एवढे लिहिणे पुरेसे आणि खरे आहे.

दीडशेपैकी बऱ्याच चिजा भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेत किंवा इतर संग्रहांत छापलेल्या निघतील. त्यामुळे निराश होऊ नये. त्याच चिजेचा आजोबांकडील पाठ कुठे वेगळा पडतो, मुखडा (सुरुवातीचा तुकडा) कोणत्या मात्रेपासून उचलला आहे, याला अभ्यासकाच्या दृष्टीने नव्या चिजेइतकेच मोल असते.

छपाईबद्दल थोडक्यात. डाव्या पानावर वहीच्या पानाचे छायाचित्र आणि उजव्या पानावर अक्षरजुळणी अशी मांडणी केल्यास खर्च वाढतो, परंतु संपादकाच्या चुका पकडण्याचे साधन वाचकाच्या हाती राहते. मागणीप्रमाणे थोड्या प्रती छापण्याची सोय आता आहे, तिचा लाभ घ्यावा. आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात विनामूल्य मिळतो, तो घ्यावा. कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना प्रती पाठवाव्या लागतात. याशिवाय शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणि वर उल्लेखिलेल्या दोन संस्थांत एकेक प्रत आणि छायाचित्रांचा संच देऊन ठेवावा. वह्या एका घरात आणि छायाचित्रे चार ठिकाणी असली, म्हणजे माझ्या हातून झाले तसे नुकसान होत नाही.

प्रश्न : रद्दीच्या दुकानात मला संगीताचे एक जुने, मुखपृष्ठ नसलेले पुस्तक मिळाले. पेटीवर वाजवून पाहिले असता चाल विचित्र लागते. मधल्या सप्तकातून एकदम तार षड्जावर उडी आणि पुन्हा खाली. शिवाय सम (तालाची पहिली मात्रा) कुठे आहे तेच कळत नाही. पुस्तक सदोष आहे काय?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आपण सोबत पाठवलेल्या पानाच्या छायाचित्रावरून पुस्तक निर्दोष दिसते. आपण ते दुसऱ्या पद्धतीने वाचत आहात, एवढेच. आज बहुतेकांच्या हाती असते ती भातखंडे पद्धती. तिच्यात स्वराच्या डोक्यावर बिंदू म्हणजे तार सप्तक, पायाशी बिंदू म्हणजे मंद्र सप्तक. कोमल स्वराखाली आडवी रेघ. समेला गुणाकाराचे × चिन्ह आणि खालीला शून्य. आपले पुस्तक विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या पद्धतीचे आहे. या पद्धतीत डोक्यावरचा बिंदू मंद्र सप्तक दाखवतो आणि तार सप्तकासाठी वर उभी रेघ असते. कोमल स्वराला हलंतासारखी खूण, समेला १ हा अंक आणि खालीला + हे चिन्ह. म्हणजे ज्या स्वरांसाठी आपले बोट खाली जायला हवे होते, ते दोन सप्तके वर गेले. आणि खालीचे + चिन्ह आपण सम समजून बसलात.

पलुस्कर आपल्याच जिल्ह्यातील कुरुंदवाडचे. जन्म १८७२ चा. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी मिरजेत तालीम घेतली आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. शाळा काढली म्हणजे पाठ्यपुस्तके आली आणि पुस्तके आली म्हणजे छापखाना आला. त्यांनी तोही उभा केला. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळात स्वराच्या वरची आणि खालची प्रत्येक खूण हाताने, वेगळ्या ओळीत, नेमक्या अक्षरावर बसवावी लागे. एक बिंदू निसटला तर स्वराचे सप्तक बदलते आणि साहित्याच्या पुस्तकातील मुद्रणदोषाप्रमाणे तो वाचकाला संदर्भाने सुधारून घेता येत नाही. म्हणून अशा जुन्या पुस्तकात अधूनमधून खरी चूक आढळली तर पुस्तकावर राग धरू नये. पानाच्या कडेला पेन्सिलीने खूण करावी आणि त्याच चिजेचा दुसरा छापील पाठ शोधावा. पलुस्करांच्या शिष्यवर्गातील विनायकराव पटवर्धनांचा ‘रागविज्ञान’ आणि बी. आर. देवधरांचा ‘रागबोध’ हे संग्रह पडताळ्यासाठी उपयोगी पडतील.

प्रश्न : अल्लादियाखाँसाहेबांनी ध्वनिमुद्रण करू दिले नाही, चिजा छापू दिल्या नाहीत. मग आज जयपूर घराण्याच्या बंदिशींची स्वरलिपी छापणे हा त्यांच्या इच्छेचा अनादर होत नाही काय? आणि कागदावर ती गायकी उतरते तरी का?
— एक वाचिका, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि पहिला अवघड आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारी असलेले अल्लादियाखाँ हे केवळ थोर गायक नव्हते. ‘अहमद पिया’ या नावाने त्यांनी बंदिशी बांधल्या आणि आज घराण्याची ओळख मानले जाणारे कित्येक अनवट राग त्यांनी प्रचारात आणले. त्या काळच्या गायकाची चीज म्हणजे त्याचे वतन होते. तीवर दरबारातील मान आणि मुलाबाळांची भाकरी अवलंबून असे. काही घराण्यांत लेकीच्या लग्नात चिजा दिल्या जात, असे जुने लोक सांगतात. असे धन छापील पुस्तकात चार आण्यांना मिळू लागले तर आपल्याकडे कोण शिकायला येईल, ही भीती अवाजवी नव्हती. त्या सावधपणाला आज कोतेपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

परंतु खाँसाहेबांनी आपले आयुष्य नातू अझीझुद्दीनखाँ यांना सांगितले, नातवाने ते टिपून ठेवले आणि त्यामुळेच आज ते वाचता येते. गोविंदराव टेंबे यांनी त्यांचे चरित्र लिहिले. खाँसाहेबांचे पुत्र भूर्जीखाँ यांनी कोल्हापुरात राहून घराण्याबाहेरच्या शिष्यांना मन लावून तालीम दिली. मल्लिकार्जुन मन्सूर त्यांतलेच. म्हणजे वारसा कुलूपबंद ठेवावा असा हट्ट त्या घरातही कायम राहिला नाही. दुसरीकडे गायक रामकृष्णबुवा वझे यांचे उदाहरण आहे. एकेका चिजेसाठी ज्यांनी उत्तरेत पायपीट केली, उपेक्षा सोसली, त्याच बुवांनी मिळवलेले धन ‘संगीत कलाप्रकाश’ या पुस्तकातून स्वरलिपीसह सर्वांपुढे ठेवले. मला बुवांची ही वृत्ती अधिक जवळची वाटते.

त्यामुळे अनादर छापण्यात नाही. नाव गाळून छापणे, कोणाच्या तालमीतून पाठ मिळाला हे न सांगणे, आणि शिकवणाऱ्याने ‘हे बाहेर देऊ नकोस’ असे बजावले असताना ते देणे, यांत तो नक्कीच आहे.

दुसऱ्या भागाचे उत्तर आपल्याला ठाऊकच आहे, तरीही ते छापील पुस्तकाच्या प्रत्येक वाचकाने लक्षात ठेवावे म्हणून लिहितो. स्वरलिपीच्या घरात ‘ध’ लिहिला म्हणजे त्या मात्रेत धैवत आहे एवढे कळते. तो मात्रेच्या आरंभी आहे की किंचित रेंगाळून आला आहे, निषादाला स्पर्श करून आला आहे की थेट, हे घरात मावत नाही. जयपूर गायकीत तर आकार लयीच्या आत सतत झुलत असतो आणि मुखडा समेवर येतो तो जणू कडेवरून उतरल्यासारखा. कणस्वर (स्पर्शापुरता लागणारा स्वर) बारीक अक्षरात वर लिहिता येतो, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) कमानीने दाखवता येते, परंतु ज्याने ती तालीम ऐकलेलीच नाही त्याला कमान ही केवळ कमानच दिसते. गुरूची जागा पुस्तक घेऊ शकत नाही. शिकलेली चीज विसरू नये, अस्ताई घसरत घसरत वेगळीच होऊ नये, यासाठी मात्र त्याचा मोठा आधार आहे. भातखंडे यांच्या पुस्तकांवर घराणेदार गायकांनी ‘आमची चीज अशी नाही’ असे आक्षेप घेतले आणि त्यांतील काही रास्तही असतील. पण तो आक्षेप घेण्यासाठी तरी एक पान समोर होते. न लिहिलेल्या चिजांविषयी कोणाला आक्षेपही घेता येत नाही.

प्रश्न : माझी मुलगी पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन शिकते. बाखच्या एकाच रचनेच्या दोन छापील प्रतींत गजाच्या कमानी (एकाच गजात वाजवायचे स्वर जोडणाऱ्या खुणा) वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. पाश्चात्त्य संगीत तर पूर्णपणे लिहिलेले असते, मग हा फरक कसा? आणि कोणती प्रत घ्यावी?
— एक पालक, ताराबाई पार्क, कोल्हापूर

उत्तर : ‘पूर्णपणे लिहिलेले’ ही आपली समजूत आहे, आणि ती बहुतेकांची असते. जर्मन संगीतकार बाख १७५० साली वारला, तेव्हा त्याच्या रचनांपैकी फारच थोड्या छापल्या गेल्या होत्या. हस्तलिखिते मुलांमध्ये वाटली गेली; एकाने सांभाळली, दुसऱ्याकडून बरीच हातची गेली. १८२९ साली संगीतकार मेंडेल्सोनने बर्लिनमध्ये बाखची ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ ही रचना पुन्हा सादर केल्यावर लोकांचे लक्ष वळले आणि १८५० साली स्थापन झालेल्या बाख मंडळाला समग्र रचना छापून पूर्ण करायला सुमारे अर्धशतक लागले. दरम्यान प्रत्येक प्रकाशकाने आणि नामांकित वादकाने आपापल्या गजाच्या कमानी, जोर-हळूच्या खुणा, बोटांचे क्रमांक त्यात घातले आणि बाखचे काय व आपले काय हे सांगितले नाही. मी वर बिहागात केले तेच.

एकट्या व्हायोलिनसाठीच्या सहा रचनांच्या बाबतीत आपण सुदैवी आहोत, कारण त्यांचे बाखच्या हस्ताक्षरातील १७२० चे सुबक हस्तलिखित शिल्लक आहे. एकट्या चेलोसाठीच्या सहा रचनांचे तसे नाही. त्याची स्वतःची प्रत हरवली असून मुख्य आधार आहे तो त्याची पत्नी आना माग्दालेना हिने केलेल्या नकलेचा. त्या नकलेत कमान कोणत्या स्वरापासून सुरू होते आणि कुठे संपते हे अनेक जागी नीट कळत नाही, आणि त्यावर आजही वादक हिरिरीने वाद घालतात. घरातील माणसाने प्रेमाने उतरवून ठेवली म्हणून त्या रचना वाचल्या, ही गोष्ट आजोबांच्या वह्या असलेल्या वाचकांनी अवश्य लक्षात घ्यावी.

प्रत घेताना ‘उर्टेक्स्ट’ असे लिहिलेली घ्यावी. या जर्मन शब्दाचा अर्थ मूळ पाठ. १९४८ साली स्थापन झालेल्या म्युनिकच्या हेन्ले प्रकाशनाने आणि बेअरनरायटर प्रकाशनाने अशा प्रतींची मोठी परंपरा उभी केली आहे. पाठ कोणत्या हस्तलिखितावरून घेतला आणि मतभेद कुठे आहेत हे त्या प्रतींत शेवटी दिलेले असते. त्या महाग पडतात. तोवर आयएमएसएलपी या आंतरजालावरील सार्वजनिक संग्रहातून हस्तलिखिताचे छायाचित्र उतरवून घ्यावे आणि मुलीला दाखवावे. शिक्षकांनी सांगितलेली कमान ती वाजवीलच. ती कमान शिक्षकांची आहे, बाखची नाही, एवढे तिला ठाऊक असावे.

प्रश्न : माझे गुरुजी २००१ साली वारले. त्यांनी बांधलेली एक बंदिश अलीकडे एका संग्रहात ‘पारंपरिक’ म्हणून छापली गेली आहे. त्यांच्या हयातीत ती कधी छापली नव्हती. फक्त आम्हा शिष्यांना शिकवली होती. कायद्याने काही करता येते काय?
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : येते. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात मुळात ‘संगीतकृती’ म्हणजे छापलेली किंवा लिहून काढलेली कृती, अशी व्याख्या होती. त्यामुळे केवळ मुखाने शिकवलेल्या बंदिशीला आधार नव्हता. १९९४ च्या दुरुस्तीने ही अट गेली. रचनाकाराने स्वरलिपीत उतरवली असो वा नसो, बांधणारा तो रचनाकारच. आपल्या परंपरेच्या दृष्टीने मला ही दुरुस्ती फार महत्त्वाची वाटते. मात्र गुरुजींनी ती बांधली हे दाखवणारा पुरावा आपल्याला गोळा करावा लागेल : शिष्यांच्या दिनांकित वह्या, घरगुती ध्वनिफिती, कार्यक्रमपत्रिका.

मुदतीचा हिशेब असा. रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून साठ वर्षे. गुरुजींच्या प्रकाशित रचनांसाठी ती २०६१ च्या अखेरीस संपेल. मृत्यूपर्यंत अप्रकाशित राहिलेल्या रचनेसाठी साठ वर्षे प्रथम प्रकाशनानंतरच्या वर्षापासून मोजली जातात. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात, हेही लक्षात ठेवावे. एखाद्या जुन्या पदाला गुरुजींनी चाल दिली असेल, तर हक्क चालीपुरता. आर्थिक हक्कांशिवाय आपले नाव लागण्याचा रचनाकाराचा स्वतंत्र हक्क कायदा मानतो आणि तो त्याच्या मागे वारसांना बजावता येतो. शिष्याला तो नाही, म्हणून गुरुजींच्या कुटुंबीयांना पुढे करावे. पहिले पत्र वकिलाचे नसावे, असे माझे मत आहे. संपादकाला पुराव्यासह साधे पत्र लिहावे आणि पुढील आवृत्तीत नाव घालण्याची व तोवर शुद्धिपत्र चिकटवण्याची विनंती करावी. ‘पारंपरिक’ हा शब्द पुष्कळदा अज्ञानातून पडतो. उत्तर आलेच नाही, तर मात्र या कायद्याची जाण असलेल्या वकिलाकडे जावे.

प्रश्न : संगणकावर भातखंडे स्वरलिपी लिहिण्यासाठी खास अक्षरसंच लागतो काय?
— एक शिक्षिका, गडहिंग्लज

उत्तर : साध्या कामासाठी लागत नाही. युनिकोडमध्ये वैदिक स्वरांसाठी आणि नेहमीच्या देवनागरी लेखनासाठी ज्या खुणा आहेत, त्याच येथे कामी येतात : अनुदात्ताची आडवी रेघ कोमलासाठी (रे॒, ग॒), उदात्ताची उभी रेघ तीव्र मध्यमासाठी (म॑), नुक्ता मंद्रासाठी (ध़) आणि अनुस्वार तार सप्तकासाठी (सां). मात्र पाठवण्यापूर्वी छापखान्याला नमुना दाखवून घ्यावा, कारण काही अक्षरसंचांत या खुणा शेजारच्या अक्षराखाली सरकतात. खाने जुळण्यासाठी मोकळ्या जागा सोडत बसू नये, तक्ता करावा, प्रत्येक मात्रेला एक खाना. आणि मुद्रिते तपासताना नुसते वाचू नये. हातावर ताल धरून प्रत्येक ओळ गावी.

प्रश्न : आमच्या घरातील वहीत चिजांचे फक्त शब्द, राग आणि ताल आहेत, स्वर नाहीत. माझ्या आत्याला, वय ८४, त्यांतील बऱ्याच चाली येतात असे ती म्हणते. अशा वहीचा उपयोग आहे का?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : फार आहे, पण वही थांबू शकते, आत्याबाईंच्या चाली टिपण्याचे काम लांबवू नका. याच आठवड्यात, सकाळी त्यांचा आवाज मोकळा असेल तेव्हा, पंखा आणि दूरदर्शन संच बंद करून मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे. सुरुवातीला दिनांक, त्यांचे नाव आणि ही चीज त्यांनी कोणाकडून, कोणत्या गावी ऐकली हे त्यांच्याच तोंडून घ्यावे. पेटी धरू नये. त्यांचा षड्ज त्यांना लावू द्यावा, तो दोन पट्ट्यांच्या मधे असला तरी चालेल. ताल त्यांनी मांडीवर धरला तर तो ऐकू येईल इतका मोबाइल जवळ ठेवावा. मधे अडखळल्या तर वहीतील पुढचे शब्द लगेच सांगू नयेत. थोडे थांबावे. बहुधा त्या पुन्हा मुखड्यावर येतील आणि तेथून चाल त्यांना आपोआप पुढे नेईल. तरीही अडल्यास एकच शब्द सांगावा आणि पुढचे त्यांना गाऊ द्यावे.